शनिवारच्या गाडीतली बुढी

सावरगोटा हे आरमोरीच्या पुढं, जंगलाला टेकलेलं गाव. शाळा आहे, तलावाच्या काठी पोस्ट आहे, गावाच्या या टोकाला चार दुकानांचा चौक आहे. चौकातच एसटीचा थांबा आणि थांब्यासमोर पोलीस चौकी. शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर या चौकीवर ताम्हनकर नावाचे नवे फौजदार आले. वय सत्तावीस, गाव दापोलीकडचं, नोकरीतली पहिलीच नेमणूक. इथल्या जंगलातून सागवान चोरीला जातं आणि गावातलं कुणी तोंड उघडत नाही, हे त्यांना आल्या आल्या कळलं. नाव फुटायची भीती, दुसरं काय! मग नावच नको, असं त्यांनी ठरवलं. बाहेरच्या मोठ्या शहरांत लोक नाव न सांगता पोलिसांना खबर देतात, असं त्यांनी प्रशिक्षणात ऐकलं होतं.

"देवाजी, आपण चौकात एक पेटी लावू," ते म्हणाले. "गुप्त माहिती पेटी. ज्याला जे माहीत असेल ते त्यानं लिहावं आणि आत टाकावं. नाव नाही, गाव नाही."

हवालदार देवाजी रामटेके म्हणजे बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस. गावातला कोण चालला आहे ते त्याला पाठीमागून चपलेच्या आवाजावरून कळायचं. तो म्हणाला, "साहेब, नाव नाई लिवलं तरी अक्षर वळखू येते ना इथी. सारे एकाच मास्तरच्या हाताखाली शिकले."

"ओळखायचं नाही! तोच तर मुद्दा आहे. ओळखू आलं तरी पोटात ठेवायचं. माझ्यासमोर कुणाचंही नाव काढायचं नाही. आणि चिठ्ठी पाकिटात असली तर पाकीट न वाचता चुलीत टाकायचं."

"जी," देवाजी म्हणाला. बावीस वर्षांत त्यानं बारा साहेब पाहिले होते आणि बाराही जणांना "जी" म्हटलं होतं.

पेटी बनवली गफ्फारभाईनं. गफ्फारभाई पत्र्याचं काम करणारा. कोठ्या, चाळण्या, बादल्यांची बुडं. त्याच्याकडं रेशन दुकानाचं दार रंगवून उरलेला लाल रंग होता, तोच त्यानं पेटीला दिला आणि समोरच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत 'पोलीस – गुप्त माहिती पेटी' असं ठसठशीत लिहिलं. थांब्याच्या भिंतीवर ती टांगताना साहेबांनी हात वर केला.

"थांबा. कुणी इथं उभं राहून हे वाचायला लागलं तरी बघणाऱ्याला संशय येईल. अक्षरं भिंतीकडं करा."

अक्षरं भिंतीकडं गेली. रस्त्याच्या बाजूला राहिली नुसती लाल पेटी आणि वर चिठ्ठी टाकायची फट. चैतू कोतवालानं दवंडी दिली, पण तेव्हा धानकापणी चालू होती आणि निम्मं गाव शेतावर होतं. ज्यांनी दवंडी ऐकली नाही त्यांना वाटलं, चला, सरकारनं टपालाची पेटी तलावावरून चौकात आणली, बरं झालं, पायपीट वाचली.

रोज सकाळी पेटी उघडायची. पाकीट निघालं की देवाजी डोळे गच्च मिटून ते फाडायचा, आतला कागद साहेबांच्या हातात द्यायचा आणि पाकीट चहाच्या चुलीत टाकायचा. एकदा त्याच्या अंगठ्याला काहीतरी लागलं.

"साहेब, याले तिकीट लावलं आहे."

"तिकीट? ते कशाला?"

"सरकारी काम म्हटलं का तिकीट लागतेच, असं वाटलं असन लोकाईले."

साहेबांना ते पटलं. चिठ्ठ्या मात्र पटत नव्हत्या. एकीत लिहिलं होतं की लटारूची बकरी शाळेच्या भिंतीवरची मतदार यादी खाते. खाली लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, घर नंबर आणि 'उत्तराची वाट पाहतो'. दुसरीत फक्त इतकंच : 'इकडे सर्व खुशाल. धान बरा झाला. तुमच्याकडील कळवावे.' या दुसऱ्या चिठ्ठीवर साहेब संध्याकाळभर बसले. "धान म्हणजे सागवान असणार," ते म्हणाले, "पण खुशाल म्हणजे कोण?"

देवाजीच्या ओळखीत खुशाल नावाचे तिघं होते. पण नाव काढायचं नव्हतं, म्हणून तो गप्प बसला.

आता गफ्फारभाईच्या घरात काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे.

गफ्फारभाईच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात एक शिलाई मशीन होती. काळी, पायानं चालवायची, अंगावरची सोनेरी फुलं झिजून गेलेली. त्याच्या आईनं ती घेतली तेव्हाच जुनी होती, म्हणून घरात तिला पहिल्यापासून 'बुढी' म्हणत. याच बुढीवर ब्लाउज-परकर शिवून आईनं पाच लेकरं वाढवली. आई गेल्यावर गफ्फारभाईनं बुढीला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःला टाका घालता येत नव्हता, तरी रोज सकाळी दुकान उघडलं की तो तिच्यावरची चादर काढून धूळ पुसायचा आणि पुन्हा चादर घालायचा.

त्याची मुलगी अमरीन चंद्रपूरच्या पुढं माजरीला दिली होती. जावई जिशान कोळशाच्या खाणीत कामाला. दिवसभर अमरीन घरी एकटी. तिला शिवणाचा नाद होता. 'दादीची मशीन मिळाली तर बरं होईल,' असं तिनं आईला कळवलं. आईनं, म्हणजे कनीजबाईनं, नवऱ्याला दोनदा विचारून पाहिलं. पहिल्यांदा गफ्फारभाईला ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याला ताप भरला.

तिसऱ्यांदा कनीजबाईनं विचारलंच नाही. मराठी शाळेत पाचवीपर्यंत शिकलेल्या अक्षरात तिनं मुलीला चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली, पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि मंगळवारी मिरच्या आणायला जाता जाता चौकातल्या लाल पेटीत टाकली.

बुधवारी सकाळी देवाजीनं डोळे मिटले, पाकीट फाडलं, चुलीत टाकलं. साहेब कागद उघडून मोठ्यानं वाचू लागले :

'लाडाची पोरगी, बुढीचं काम शनिवारी करून टाकते. तुझा बाप शनिवारी सकाळी आरमोरीले जाते. तो गेला की बुढीचं मुंडकं काढून पोत्यात भरीन. पाय वेगळे बांधीन. अख्खी नेली तर लोक हजार गोष्टी विचारतात. बाराच्या चंद्रपूर गाडीनं पाठवते. जावयाले म्हणाव स्टँडवर उभा राह्य. बापाले कळू देऊ नको, त्याचा लय जीव आहे तिच्यात, रडून घर डोक्यावर घेईल. तिकडं पोचली का पोट उघडून सारा कचरा काढ आणि तेल पाज. दात झिजले आहे पण चावते अजून, बोट सांभाळ. नाहीतरी इथी कोपऱ्यात नुसती बसून राह्यते. जागा संपली. चिठ्ठी फाडून टाक.'

साहेबांनी खाली बसून पाणी मागितलं. पाणी आणायला कुणी उठलं नाही, कारण देवाजी भिंतीला टेकून पांढराफटक पडला होता.

"देवाजी! तुम्हाला अक्षर ओळखू आलं का? नाही, नाही, सांगू नका. नियम म्हणजे नियम. पेटीवरचा विश्वास उडाला तर सगळंच गेलं. आपण मारेकऱ्याला शोधायचं नाही. म्हातारीला वाचवायचं."

देवाजीनं अक्षर पाहिलंच नव्हतं. त्याच्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं. दर शनिवारी चौकीचं टपाल घेऊन आरमोरीला कोण जातं? तो. लेक चंद्रपुरात कुणाची दिली आहे? त्याची, रिना. कोपऱ्यात बसून राहणारी, दात झिजलेली आणि तरीही सगळ्यांना चावणारी म्हातारी कुणाच्या घरात आहे? त्याच्याच. त्याची आई मनकर्णा. आणि गेल्या रविवारीच त्याची बायको कांता चुलीपुढं बसून म्हणाली होती, "या बुढीचं काहीतरी केलं पायजे बा आता."

त्या दिवशी देवाजी घरी गेला आणि पहिलं काम त्यानं केलं ते म्हणजे विळा, कोयता आणि सुरी गोळा करून धानाच्या ढोलीत लपवले. संध्याकाळी कांता भाजी चिरायला बसली, तर विळा नाही. तिनं वांगी हातानं तोडली.

"विळा कुठी गेला वं?" मनकर्णाबाईनं कोपऱ्यातून विचारलं.

"मले काय माहीत? तुमच्या लेकाले विचारा, तो दुपारपासून घरात चोरासारखा फिरून राह्यला."

जेवायला बसल्यावर देवाजीनं आईच्या ताटातलं वरण आधी स्वतः चाखलं. मग भाजी चाखली. मग भाताचे दोन घास खाऊन पाहिले आणि थोडा वेळ आपल्याला काही होतं का याची वाट पाहिली.

"आपलं ताट नाई का तुले?" मनकर्णाबाई ओरडली. "पन्नाशीचा झाला अन् मायच्या ताटात हात घालून राह्यला! कांता, याले पोटभर वाढत जा वं!"

कांता नवऱ्याकडं बघत राहिली. तिची नजर त्याला थंड वाटली. खरं म्हणजे ती फक्त काळजीत होती. तिच्या एका चुलत सासऱ्यालाही नोकरीच्या शेवटी असंच काहीतरी झालं होतं.

इकडं साहेबांनी योजना आखली. गावातली नेमकी कोणती म्हातारी ते माहीत नाही, तेव्हा सगळ्याच म्हाताऱ्यांना शनिवारी एका जागी आणायचं आणि बारा वाजून गाडी जाईपर्यंत सोडायचं नाही. पण खरं कारण सांगितलं तर मारेकरी सावध होणार. म्हणून गुरुवारी चैतू कोतवालानं दवंडी दिली की साठ वर्षांवरच्या बायांनी शनिवारी सकाळी नऊ वाजता शाळेत यावं, सरकार डोळे तपासणार आहे. या वेळी धान कापून झाला होता आणि दवंडी सगळ्यांनी ऐकली.

गावातल्या बोलण्यात दुपारपर्यंत नुसते डोळे तपासणार होते. तिसऱ्या प्रहरी चष्मे वाटणार होते. दिवेलागणीला चष्म्यांच्या जोडीला चादरी आल्या, आणि शुक्रवारी उजाडता उजाडता पक्कं झालं की साठीच्या वरच्या प्रत्येक बाईला सरकार दुभती गाय देणार आहे.

शुक्रवारी चौकीपुढं नावं लिहायला रांग लागली. पुढं नीलाबाई. नीलाबाई भज्याचं दुकान चालवायची आणि दिवाळीपर्यंत तिनं आपलं वय कधी पस्तिसाच्या पुढं जाऊ दिलं नव्हतं.

"वय?" साहेबांनी विचारलं.

"लिवा सत्तर."

"बाई, तुमचे केस काळे आहेत."

"केसाले काय पाहता साहेब, गुडघे पाहा."

तिच्या मागची तर लेकराला कडेवर घेऊन आली होती आणि ते आपलं नातवंड आहे असं शपथेवर सांगत होती. साहेबांनी सगळ्यांची नावं लिहून घेतली. एक जादा वाचली तरी चालेल, एक कमी नको, असा त्यांचा विचार. एकसष्ट नावं झाली.

फक्त एक बाई यायला तयार नव्हती, ती मनकर्णाबाई.

"माय, उद्या शाळेत चाल," देवाजी काकुळतीला येऊन म्हणाला.

"कायले?"

"बुढ्यांचे डोळे तपासून राह्यले."

"मंग बुढ्यांले ने. मी काय बुढी आहो?"

"तू पंच्याहत्तरची झाली ना वं!"

"कोन सांगतलं तुले? तू पाह्यलं होतं का?" एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड केलं. मुलगा ताटातलं खातो, सून हातानं वांगी तोडते आणि वर आपल्याला बुढी म्हणतात, असल्या घरात राहायचं कशाला? सकाळी उठून नातीकडं चंद्रपूरला निघून जायचं, असं तिनं त्याच वेळी मनाशी ठरवलं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

शनिवार उजाडला. साहेब शाळेत हजेरी घेत होते. देवाजी टपालाची पिशवी घेऊन आरमोरीला म्हणून निघाला, पाणंदीतून वळसा घालून परत आला आणि आपल्याच घरामागच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात शिरून बसला. तणसानं अंगाला खाज सुटली होती, पण डोळे त्यानं घराच्या मागच्या दारावरून हलवले नाहीत.

साडेदहाला कांता बाहेर आली. तिच्या हातात रिकामं पोतं होतं.

देवाजीनं तोंडापुढचं तणस बाजूला केलं. कांतानं पोतं दोनदा झटकलं, उन्हात टाकलं आणि आत गेली. मग हातात बत्ता घेऊन बाहेर आली, पोत्यावर बसली आणि चिंचा फोडू लागली. तासभर ती चिंचाच फोडत होती. शेवटी देवाजीला वाटलं, आपण चुकतो आहोत. अशी बाई कुणाला मारेल का? आपल्याला लाज वाटली पाहिजे. तो ढिगातून बाहेर आला, पुढच्या दारानं हळूच घरात गेला, आणि त्यानं कोपऱ्याकडं पाहिलं. कोपरा रिकामा होता. आई नव्हती. आईचं लुगड्याचं गाठोडं नव्हतं.

"कांता! माय कुठी आहे?"

"मले काय माहीत? पन तुमी तर आरमोरीले गेलते ना? अन् हे डोक्यात तनीस कायचं?"

तो थांबलाच नाही. तसाच शाळेकडं धावला. साहेबांनी तिसऱ्यांदा मोजलं. एकसष्टच्या एकसष्ट हजर होत्या, उलट दोन जास्त होत्या. पण मनकर्णाबाई नव्हती. घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती. साहेब आणि हवालदार थांब्याकडं पळत सुटले, आणि घराचं दार तसंच उघडं टाकून कांताही बत्त्यासकट त्यांच्या मागं निघाली, कारण नवऱ्याचं डोकं फिरलं याबद्दल आता तिला शंका उरली नव्हती.

गाडी लागली होती. टपावर कंडक्टर काहीतरी लोखंडाचं दोरीनं बांधत होता. दारात कनीजबाई उभी होती आणि तिच्या पायाशी एक भरलेलं पोतं होतं.

"गाडी थांबवा!" साहेब ओरडले. गाडी थांबलेलीच होती. साहेबांनी कनीजबाईपुढं येऊन दम खाल्ला. "बाई, या पोत्यात काय आहे?"

कनीजबाईला वाटलं, नवऱ्यानंच यांना पाठवलं. तिनं इकडं तिकडं पाहून आवाज खाली आणला. "साहेब, हळू बोला ना. लोक ऐकून राह्यले. बुढी आहे."

"बुढी," साहेब म्हणाले. त्यांनी पोत्याकडं बोट केलं. "पूर्ण?"

"पूर्ण कशी राहीन पोत्यात? मुंडकं आहे इथी. पाय वर बांधून राह्यले ते."

साहेब एसटीच्या पायरीवर बसले. देवाजीनं पुढं झेप घेतली, पोत्याला मिठी मारली आणि "मायऽऽ! माह्यी मायऽऽ!" असा हंबरडा फोडला. चौकातली कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली.

तेवढ्यात गाडीच्या तिसऱ्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"काऊन बोंबलून राह्यला रे?" मनकर्णाबाई म्हणाली. "मी का मेली?"

देवाजीनं खिडकीकडं पाहिलं. मग हातातल्या पोत्याकडं पाहिलं. पुन्हा खिडकीकडं पाहिलं. "मंग हे कोन आहे?" त्यानं विचारलं.

कनीजबाईनं पोत्याचं तोंड सोडलं. आतून मशीनचं काळं डोकं बाहेर आलं, चाकाला दोरा गुंडाळलेला, सुई काढून ठेवलेली.

चौकातली माणसं वाकून पोत्यात बघू लागली. मग कनीजबाईनं पदर खोचला आणि तिचा आवाज आता खाली राहिला नाही. "म्हंजे चुगली झाली माह्यी! साहेब, नाव सांगा. कोन सांगतलं तुमाले?"

"नाव सांगता येत नाही," साहेब उठून कपडे झटकत म्हणाले. "माहिती गुप्त आहे. आमच्याकडं लेखी खबर आली आहे." आणि त्यांनी खिशातून कागद काढून दाखवला.

कनीजबाईनं तो हातातून ओढून घेतला. "हे तं माहंच पत्र आहे! अमरीनले लिवलेलं! म्या मंगळवारी पोस्टात टाकलं, ते तुमच्या खिशात कसं आलं?"

"पोस्टात? कोणत्या पोस्टात?"

"हे काय, लाल पेटी!"

लटारू पोस्टमन टपालाची थैली गाडीत द्यायला आला होता. तो पेटीपाशी गेला, मान वाकडी करून भिंत आणि पेटी यांच्या फटीत डोळा घातला, आणि एकेक अक्षर लावून वाचलं : "पो-ली-स. गु-प्त." मग तो साहेबांकडं वळला. "म्हनूनच म्हनतो, महिनाभर माह्यी थैली काऊन हलकी आहे. साहेब, त्या पाकिटांचं काय केलं तुमी?"

साहेबांनी देवाजीकडं पाहिलं. देवाजीनं चहाच्या चुलीकडं पाहिलं.

तिथंच आणखी बोलाचाली झाली असती, पण आरमोरीहून येणारा टेम्पो चौकात थांबला आणि डोक्यावर पत्र्याची गुंडाळी घेतलेला गफ्फारभाई त्यातून उतरला. पत्र्याचा दुकानदार लग्नाला गेला होता म्हणून तो लवकर परतला होता. त्याला आधी गर्दी दिसली, मग बायको दिसली, आणि मग हवालदाराच्या मांडीवर बुढीचं डोकं दिसलं. त्यानं पत्रा खाली ठेवला.

"अमरीनकडं पाठवून राह्यली होती," कनीजबाई म्हणाली. तिनं लपवायचा प्रयत्न केला नाही.

"मले विचारलं काऊन नाई?"

"दोनदा विचारलं. तुमाले ताप आला."

"अजून एकदा विचारायचं होतं."

"मंग काय, देल्ली असती?"

गफ्फारभाईनं खरं उत्तर दिलं. "नाई." तो खाली बसला. मशीनच्या चाकावरून त्यानं बोट फिरवलं, चाक थोडं फिरून करकरलं. "पोरगी रोज चालवीन हिले?" त्यानं विचारलं.

"तिथं दुसरं काय आहे तिले? कोळसा अन् चार भिंती."

तो बराच वेळ चाक मागं-पुढं करत राहिला. कंडक्टरनं घंटी वाजवली तरी उठला नाही. मग एकदम म्हणाला, "पोत्यात असं कोंबते का कोनी? मुंडकं हातात घेऊन न्या लागते, नाई तं पट्ट्याचं खोबन तुटते." आणि पोतं फेकून, ते डोकं दोन्ही हातांत लेकरासारखं धरून तो गाडीत चढला. "मीच जातो. तिले तेल घालाची रीत तुले कुठी येते!"

"अवो, पन कपडे?" कनीजबाई ओरडली.

"जिशानचे घालतो."

हे होत असताना कांता बाजूला उभी होती. ती हिशेब लावत होती. विळा, ताट, तणसाचा ढीग. तिनं कनीजबाईच्या हातातलं पत्र घेतलं आणि सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर ती नवऱ्यापुढं आली.

"तुमाले वाटलं का म्या..."

"नाई वं कांता, नियमच असा होता का..."

"विळा कुठी आहे?"

"ढोलीत."

कांतानं बत्ता त्याच्या हातात दिला. "चिंचा उन्हात आहे. फोडून ठेवा. ढोर घरी आले का पानी पाजा." आणि ती गाडीत चढून सासूशेजारी जाऊन बसली. मनकर्णाबाईनं सरकून तिला जागा दिली. अठ्ठावीस वर्षांत त्या दोघींना एका बाकावर बसलेलं गावानं पहिल्यांदा पाहिलं. गाडी सुटली तेव्हा दोघी एकमेकींच्या कानाशी लागून हसत होत्या, आणि कशाला हसत होत्या हे देवाजीला मागून धावतानाही कळलं.

गफ्फारभाई माजरीहून अकरा दिवसांनी परतला. अमरीनला त्यानं तेल घालायला शिकवलं, मग पट्टा बदलायला शिकवलं, मग शिकवायला काही उरलं नाही म्हणून नुसता बसून राहिला. शेवटी जावयानंच त्याला गाडीत बसवून दिलं. येताना त्याच्या अंगात लेकीनं शिवलेला सदरा होता. एक बाही चार बोटं लांब होती, पण ती दुमडून घ्यायला तो तयार नव्हता. रिनाकडून सासू-सुना पंधरा दिवसांनी आल्या. तोपर्यंत देवाजीला भात बऱ्यापैकी जमायला लागला होता.

पण हे सगळं पुढचं. त्या शनिवारी गाडी धूळ उडवत गेली, लोक पांगले, आणि साहेब चौकात उभे राहिले. शाळेत त्रेसष्ट बायका सकाळपासून बसल्या आहेत, हे त्यांना आठवलं.

"देवाजी, त्यांना घरी जायला सांगा."

"मी नाई सांगत साहेब," देवाजी म्हणाला. त्या एका दिवसात त्याच्या तोंडून "जी" गेलं ते गेलंच. "गाईसाठी बसल्या त्या. तुमीच सांगा."

साहेब शाळेत गेले. त्रेसष्ट जणींनी त्यांच्याकडं पाहिलं. दापोलीला त्यांची स्वतःची आजी होती आणि तिच्याशी खोटं बोलणं त्यांना कधी साधलं नव्हतं. गाय नाही, हे त्यांनी सांगून टाकलं. त्यावर जे ऐकायला मिळालं त्यातलं निम्मं गोंडीत होतं, म्हणून त्यांना फार लागलं नाही. पण डोळे तपासणंही खोटंच होतं, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी फळ्यावर खडूनं लहान-मोठे गोल काढले आणि एकेकीला पुढं बोलावून, किती दिसतात ते विचारायला सुरुवात केली. निदान तेवढं तरी खरं होऊ दे, म्हणून.

नीलाबाईला सगळे दिसले. तिनं फळ्याच्या कोपऱ्यातली तारीखही वाचून दाखवली. मग काठी टेकत बुधरीबाई आली. ती पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरून, चार कोस चालून आली होती.

"बाई, फळ्यावर किती गोल आहेत?"

"फळा कुठी आहे?"

साहेबांनी तिला दोन पावलं पुढं आणलं, मग आणखी दोन. शेवटी फळ्याला नाक लागायची वेळ आली. तिला काहीच दिसलं नाही. साहेबांच्या लक्षात आलं की तिच्या दोन्ही बुबुळांवर दूध सांडल्यासारखा सायीचा थर आहे. त्यांनी दुसऱ्या म्हातारीला बोलावलं, तिसरीला बोलावलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या वहीत एकोणीस नावं झाली होती. ही नावं गुप्त ठेवायची नव्हती. त्यांनी ती स्वतःच्या अक्षरात, सहीशिक्क्यासह, जिल्ह्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरला पाठवली आणि पाकीट लटारूच्या हातात दिलं.

डॉक्टर पौष महिन्यात आले. एकोणीस जणींचे मोतीबिंदू निघाले. पट्टी सुटल्यावर बुधरीबाईनं आधी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला पाहिलं, मग पायथ्याशी उभ्या असलेल्या फौजदाराला पाहिलं.

"हा कोन?" तिनं विचारलं.

"साहेब आहे आपले," देवाजी म्हणाला.

"एवढासा?" बुधरीबाई म्हणाली, आणि तिनं साहेबांना जवळ बोलावून आपल्या वाटणीचं केळं दिलं.